घोड्यांचे रोग आणि वटवाघुळें

गेल्या पावसाळ्यापासून पाचोड व पैठण तालुक्यांतील आसपासच्या गांवांहून आमच्याकडे एकाच आशयाची विचारणा दोन-तीनदां आली आहे. गांवच्या वडावर किंवा जुन्या बारवेंत वटवाघुळांची वस्ती आहे. तिच्याजवळ बांधलेलें घोडें ताप येऊन, हगवण लागून मेलें. तेव्हां वटवाघुळांच्या अंगच्या जंतूंनीं घोड्यांस रोग होतो हें खरें काय, आणि खरें असल्यास वड तोडावा किंवा बारवेंत धूर करावा काय, असा हा प्रश्न आहे. प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु त्याचें उत्तर "होय" किंवा "नाहीं" अशा एका शब्दांत देणाऱ्याच्या नादीं शेतकऱ्यानें लागूं नये असें आमचें मत आहे. एका बाजूस पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलें जनावर आणि दुसऱ्या बाजूस तीन पिढ्यांनीं पाहिलेला वड. चूक कोणत्याहि बाजूनें झाली तरी ती भरून येण्याजोगी नाहीं. म्हणून या अंकीं हा विषय कांहींसा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

मोटारी आणि ट्रॅक्टर आले तेव्हांच घोडें गेलें, असें शहरांतील लोक समजतात. मराठवाड्यांत तें अर्धेंच खरें आहे. टांगे उठले हें खरें. परंतु मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांचें बिऱ्हाड अद्यापि तट्टांच्या पाठीवर चालतें, लग्नसराईंत वरातीच्या घोडीस मागणी असते, आणि शर्यतीच्या व हौसेच्या जनावरांस तर पूर्वीं नव्हती एवढी किंमत आली आहे. लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा आणि तापीकांठीं सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा या दोन ठिकाणीं दूरदूरच्या प्रांतांतून घोडीं येतात, आणि तेथून पुन्हां गांवोगांव पांगतात. भीमथडीचें तट्टू काटक म्हणून आपण अभिमान बाळगतों तो योग्यच आहे. परंतु काटकपणानें उपासमार व मजल सोसते, जंतु सोसतातच असें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. वटवाघुळें आणि घोड्यांचा जंतुजन्य रोग यांचा जो संबंध शास्त्रज्ञांनीं खरोखर शोधून काढिला आहे, तो अमेरिकेंतला आहे. मेरीलँड या राज्यांत पोटोमॅक नावाच्या नदीच्या कांठीं १९७९ सालच्या उन्हाळ्यांत घोडीं एकाएकीं आजारी पडूं लागलीं. प्रथम खाणें सुटे, ताप १०२ पासून क्वचित् १०७ अंशांपर्यंत चढे, एक-दोन दिवसांनीं उतरे आणि मग पुन्हां चढे. निम्म्याअधिक घोड्यांस पाण्यासारखी हगवण लागे, कित्येकांचें पोट दुखे. ह्यांतून जीं बचावलीं त्यांतील कांहींच्या खुरांत दाह उत्पन्न होऊन तीं पायांवर उभीं राहीनाशीं झालीं. गाभण घोड्यांनीं पुढें कांहीं महिन्यांनीं गाभ टाकिले. शेंकडा पांच ते तीस जनावरें दगावत. त्या नदीवरून ह्या रोगास "पोटोमॅक ज्वर" असें नांव पडलें.

ह्या रोगाची एक गोष्ट वैद्यांस बुचकळ्यांत टाकणारी होती. एकाच तबेल्यांत दहा घोडीं असतां एकास रोग होई व शेजारचीं नऊ धडधाकट राहात. म्हणजे आजारी घोड्यापासून निरोगी घोड्यास तो सरळ लागत नाहीं, हें स्पष्ट होतें. रोगाचे दिवस उन्हाळ्याचे, ठिकाणें नदी-ओढ्यांच्या कांठचीं. तेव्हां अर्थात् संशय गोचिडांवर गेला. घोड्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या आंत राहणारा एक अतिसूक्ष्म जंतु १९८४ सालीं हातीं लागला, आणि त्याच्या जातीचे दुसरे जंतु गोचिडांच्या मार्फत पसरतात हें पूर्वींच ठाऊक होतें. ह्या जंतूस, अशा जंतूंचे अभ्यासक रिस्टिक यांच्या सन्मानार्थ "रिस्टिसाय" हें नांव मिळालें. २००१ सालापासून त्यास निओरिकेट्सिआ रिस्टिसाय असें म्हणतात. परंतु गोचिडांवर वर्षानुवर्षें प्रयोग करूनहि त्यांच्या चाव्यानें एकहि घोडें ह्या ज्वरानें आजारी पाडतां आलें नाहीं. संशयित हातांत होता, पुरावा नव्हता.

पुढें तपास पाण्याकडे वळला, आणि तेथें जें आढळलें तें आमच्या शेतकऱ्यांस मुळींच अपरिचित नाहीं. पाणथळ कुरणांत चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या व गुरांच्या काळजांत पानाच्या आकाराचे चपटे कृमि होतात, जबड्याखालीं पाण्याची पिशवी लोंबूं लागते आणि जनावर झुरून मरतें, हें धनगरास शिकवावयास नको. त्या कृमीचीं अंडीं शेणांतून पाण्यांत जातात, अंड्यांतील पिलूं गोगलगायींत शिरतें, तेथें वाढून बाहेर पडतें, गवताच्या पात्यास चिकटतें आणि गवताबरोबर पुन्हां जनावराच्या पोटांत जातें. गोगलगाय नसेल तर हें चक्र फिरत नाहीं. पोटोमॅक ज्वराचें चक्र ह्याच नमुन्याचें आहे. फरक इतकाच कीं त्यांत आणखी दोन पात्रें आहेत, आणि त्यांतील एक वटवाघूळ आहे.

तें चक्र असें. कीटक खाणाऱ्या लहान वटवाघुळाच्या आंतड्यांत एका जातीचे बारीक चपटे कृमि राहतात. त्यांचीं अंडीं विष्ठेबरोबर ओढ्यांत पडतात. त्यांतून निघालेलीं पिलें पाणगोगलगायींत शिरतात, तेथें त्यांची संख्या वाढते, आणि मग तीं शेंपूट असलेल्या सूक्ष्म अळ्यांच्या रूपानें पाण्यांत सुटतात. पाण्यांत वाढणाऱ्या माश्या, चतुर इत्यादि कीटकांच्या बाल्यावस्थेंत ह्या अळ्या त्यांच्या अंगांत शिरून स्वस्थ बसतात. कीटक मोठा होऊन पंख फुटून उडाला कीं त्यास वटवाघूळ खातें, आणि कृमि पुन्हां आपल्या घरीं येतो. रोगाचा जंतु ह्या कृमीच्या अंगांत राहतो. एवढेंच नव्हे, तर कृमीच्या अंड्यांतूनहि तो पुढच्या पिढींत उतरतो. कृमीची पिढी चालली कीं जंतूची पिढी आपोआप चालते. ह्या सर्व खटाटोपांत घोड्याचें कोणासहि कांहीं काम नाहीं. तो केवळ वाटेंत सांपडतो.

कसा सांपडतो, हें ह्या शोधांतील शेतकऱ्याच्या उपयोगाचें मर्म आहे. घोडा शाकाहारी खरा. परंतु रात्रीं तबेल्यांत दिवा जळत ठेविला असतां नदीवरून आलेले पंखांचे कीटक दिव्यावर झेपावतात व खालच्या तोबऱ्यांत, गवतांत, पाण्याच्या डोणींत मरून पडतात. सकाळीं चंदीबरोबर ते घोड्याच्या पोटांत जातात. २००० सालीं अमेरिकन पशुवैद्यांनीं असे रोगट कीटक घोड्यांस मुद्दाम चारून हा ज्वर उत्पन्न करून दाखविला, तेव्हां वीस वर्षांचें कोडें सुटलें. त्यानंतर २००५ सालीं पेनसिल्व्हेनिया राज्यांत पकडलेल्या वटवाघुळांच्या आंतड्यांतील कृमींत हाच जंतु सांपडला. कांहीं वटवाघुळांच्या रक्तांत, यकृतांत व प्लीहेंतहि त्याचीं चिन्हें मिळालीं; म्हणून वटवाघूळ केवळ कृमीचें घर नसून जंतूचेंहि घर असण्याचा संभव आहे, असें ते संशोधक म्हणतात. कॅलिफोर्नियांत पाकोळीच्या वर्गांतील पक्ष्यांतहि हीं चिन्हें आढळलेलीं आहेत, हेंहि येथें नमूद करावयास पाहिजे. नाहींतर सर्व दोष वटवाघुळाच्या माथीं बसावयाचा.

आतां वाचकांनीं येथें थोडें थांबून एक भेद मनांत पक्का करावा. एखाद्या प्राण्याच्या अंगांत जंतु सांपडणें ही एक गोष्ट. त्या प्राण्यापासून जंतु बाहेर पडणें ही दुसरी. आणि बाहेर पडलेल्या जंतूनें घोडा आजारी होणें ही तिसरी. पहिली सिद्ध झाली म्हणून तिसरी सिद्ध झाली असें नव्हे. पोटोमॅक ज्वरांत वटवाघुळाची विष्ठा चंदींत पडून घोडा आजारी झाल्याचा पुरावा नाहीं. विष्ठेंतील अंडें पाण्यांत, गोगलगायींत व कीटकांत फिरून आल्यावांचून घोड्यास बाधत नाहीं. कोरड्या माळावरच्या वडाखालीं घोडें बांधलें आणि वडावर वटवाघुळें आहेत, एवढ्यानें हा रोग होण्याचें कारण नाहीं. शिवाय वडावर दिवसा उलटीं लोंबणारीं मोठीं वटवाघुळें फळें खाणारीं आहेत. कीटकांतून येणारा हा कृमि त्यांच्या वाट्यास जात नाहीं. ह्या चक्राशीं संबंध आहे तो जुन्या घरांच्या आढ्यांत, देवळांच्या गाभाऱ्यांत, लेण्यांत राहणाऱ्या लहान, कीटकभक्षी जातींचा.

हा ज्वर आजवर मुख्यतः उत्तर अमेरिकेंत आणि दक्षिणेकडे ब्राझील व उरुग्वे ह्या देशांत ओळखला गेला आहे. पैठणास नाथसागर आहे, कालवे आहेत, गांवोगांव शेततळीं झालीं आहेत. गोगलगायी, पाण्यांतले कीटक, लहान वटवाघुळें आणि रात्रभर जळणारे विजेचे दिवे हें सर्व आपल्याकडे आहे. तरीहि साहित्य हजर आहे म्हणून स्वयंपाक झाला असें कोणी म्हणत नाहीं. विशिष्ट कृमि, त्यांत विशिष्ट जंतु, आणि तो कृमि वाढूं देणारी विशिष्ट गोगलगाय ह्यांचा मेळ बसल्याशिवाय हा रोग उद्भवत नाहीं. म्हणून पाचोडकडील घोडें ताप-हगवणीनें मेलें कीं तें पोटोमॅक ज्वरानेंच मेलें असें समजणें घाईचें होईल. परंतु तोबऱ्यावरचा दिवा रात्रीं मालविण्यास कांहीं खर्च येत नाहीं, आणि घोड्यास मेलेले कीटक खावयास न मिळाल्यानें त्याचें कोणतेंहि नुकसान नाहीं. दिवा लावणें भागच असेल तर तो तबेल्यापासून दूर खांबावर लावावा, म्हणजे कीटक तिकडे जातील. डोण रोज सकाळीं उपडी करून धुवावी व चंदी झांकून ठेवावी.

वटवाघुळांविषयीं लोकांच्या मनांत जी धास्ती आहे तिचें एक मूळ निराळें आहे, त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. रात्रीं वटवाघूळ घोड्याचें रक्त पितें अशी समजूत आहे. जगांत वटवाघुळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं रक्तावर जगणाऱ्या अवघ्या तीन, आणि त्या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशांत राहतात. हिंदुस्थानांत त्यांतील एकहि नाहीं. आपल्या पडक्या देवळांत व विहिरींत मोठ्या कानांचें जें वटवाघूळ दिसतें व ज्यास इंग्रजी ग्रंथकारांनीं "खोटा रक्तपिपासु" असें नांव दिलें, तें उंदीर, बेडूक, सरडे व मोठे किडे मारून खातें. घोड्याच्या वाटेस तें जात नाहीं. उंदीर मारतें म्हणून धान्याच्या मालकानें त्याचे आभारच मानावयास पाहिजेत.

अमेरिकेंतील त्या खऱ्या रक्तपिपासू वटवाघुळांनीं मात्र घोड्यांचें मोठें नुकसान केलें आहे. पनामांत घोड्यांस क्षीण करून मारणारा एक रोग होता. त्याचा परजीवी रक्तपिपासू वटवाघूळ एका घोड्याच्या जखमेवरून दुसऱ्याच्या जखमेवर नेतें, हें १९३२ सालीं डन नांवाच्या संशोधकानें दाखविलें. तो रोग म्हणजे आपल्याकडील सर्ऱ्याचा सख्खा भाऊ. सर्रा हा जंतु म्हणजे बॅक्टेरिया ह्यापासून होत नाहीं. रक्तांत वळवळणाऱ्या एकपेशीय प्राण्यापासून होतो, आणि तो प्राणी ग्रिफिथ एव्हान्स या सैन्यांतील पशुवैद्यानें १८८० सालीं डेरा इस्माईलखान येथें प्रथम पाहिला. आपल्या देशांत सर्रा पसरविण्याचें काम चावणाऱ्या मोठ्या माश्या करितात, आणि म्हणूनच पावसाळा व त्यामागचे महिने ह्या रोगाचे. ताप येतो-जातो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो, डोळ्यांच्या पापण्या आंतून फिक्या पडतात, दाणा खाऊनहि घोडें वाळत जातें. हीं लक्षणें दिसतांच रक्ताची कांच तपासून घ्यावी. वडाकडे बोट दाखवीत बसल्यास जनावर हातचें जातें, आणि औषध असतांना जातें, ह्याचा खेद अधिक.

येथवर जंतूंचा विचार झाला. विषाणूंचा प्रकार निराळा असून, खरें सांगावयाचें तर वटवाघुळांच्या बाबतींत तोच अधिक गंभीर आहे. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा नांवाच्या उपनगरांत सप्टेंबर १९९४ मध्यें शर्यतीच्या घोड्यांच्या पागेंत एकाएकीं सांथ उठून चौदा घोडीं व त्यांचा शिक्षक मेला. त्या विषाणूचें घर फळें खाणाऱ्या मोठ्या वटवाघुळांत सांपडलें. वटवाघुळें ज्या झाडावर फुलेंफळें खावयास येतात त्याखालचें गवत त्यांच्या मूत्रानें व उष्ट्यानें दूषित होतें, आणि तें चरणाऱ्या घोड्यास रोग होतो. घोड्यापासून मग माणसास. ह्या विषाणूवर घोड्यांसाठीं लस २०१२ पासून तेथें मिळूं लागली. ह्याच घराण्यांतील निपाह विषाणूनें १९९८-९९ सालीं मलेशियांत डुकरांच्या व माणसांच्या सांथींत शंभराहून अधिक माणसें मारलीं. तेथें डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडें लाविलीं होतीं व वटवाघुळांनीं कुरतडलेलीं फळें खालीं गोठ्यांत पडत. फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटांत २०१४ सालीं घोडीं आजारी पडलीं, आणि त्यांना कापणाऱ्या व त्यांचें मांस खाणाऱ्या माणसांस रोग झाला.

केरळांत २०१८ सालीं निपाह आला तेव्हां तो आपल्यापासून दूर आहे असें आम्हां महाराष्ट्रीयांस वाटलें. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्थेनें मार्च २०२० मध्यें महाबळेश्वरच्या एका गुहेंतील वटवाघुळें तपासलीं, आणि त्यांत ह्या विषाणूचीं चिन्हें व त्याच्याविरुद्ध रक्तांत तयार झालेलीं प्रतिद्रव्यें आढळलीं. हा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून महाबळेश्वरास सांथ उठली असें मुळींच नव्हे. वटवाघूळ व विषाणु हजारों वर्षें एकत्र नांदत आले आहेत आणि एरव्हीं त्यांच्या संसाराची आपल्यास झळ लागत नाहीं. झळ केव्हां लागते, ह्याविषयीं ऑस्ट्रेलियांतून २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. पंचवीस वर्षांची माहिती जमवून त्यांनीं असें दाखविलें कीं, हिवाळ्यांत फुलणारीं रानें तोडलीं गेल्यामुळें वटवाघुळांची उपासमार झाली, कीं तीं लहान लहान टोळ्या करून वस्त्यांत व घोड्यांच्या कुरणांत येतात आणि त्याच सुमारास घोड्यांत रोग उद्भवतो. रानांत भरपूर फुलोरा आला त्या हिवाळ्यांत रोग झाला नाहीं. म्हणजे वड तोडून वटवाघुळांस हांकलणाऱ्यानें रोग गांवाबाहेर घालविला नाहीं. वडावर होता तो तबेल्याच्या आढ्यावर व मोसंबीच्या बागेंत आणून ठेविला. धूर करून, फटाके वाजवून त्यांस उठविण्याचीहि तीच गत.

पाचोडकडे मोसंबीच्या बागा आहेत म्हणून आणखी एक गोष्ट. वटवाघुळानें उष्टें केलेलें फळ, मग तें मोसंबीचें असो, पेरूचें असो वा चिकूचें, कोणत्याहि जनावरास घालूं नये. गळालेलीं फळें गोळा करून घोड्यापुढें किंवा गुरांपुढें ओतण्याची आपल्याकडे संवय आहे. फुकट जाऊं नये ही त्यामागची काटकसर आम्हांस समजते, परंतु चावा घेतलेलीं फळें तरी निवडून खड्ड्यांत पुरावीं. फळझाडाच्या बरोबर खालीं घोड्याचें ठाण करूं नये. सावली हवी असेल तर दिवसा खुशाल बांधावें, रात्रीं तेथून हलवावें. वटवाघुळांचा फळांवरचा वावर रात्रींचा असतो. मात्र बागाईतदारानें वटवाघूळ म्हणून सरसकट सर्वांवर राग धरूं नये. फळांस सोंड खुपसून रस शोषणारे पतंग रात्रींच येतात, आणि कीटकभक्षी वटवाघुळें अशा पतंगांवरहि जगतात.

जंतूंकडे परत येऊन एका रोगाचा उल्लेख करितों, कारण त्यांत वटवाघुळावर आळ येतो आणि खरा अपराधी सुटतो. लेप्टोस्पायरा नांवाचे मळसूत्राच्या आकाराचे जंतु जनावरांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरतात. अनेक देशांत वटवाघुळांच्या मूत्रपिंडांत ते सांपडले आहेत. घोड्यांत ह्या जंतूंमुळें गाभ पडतो, आणि डोळ्यांस वारंवार दाह होऊन शेवटीं मोतीं पडून दृष्टि जाते. चंद्राच्या कलांप्रमाणें हा आजार येतो-जातो अशा समजुतीनें युरोपांत त्यास "चंद्रांधळेपणा" म्हणत. परंतु ह्या जंतूंचा मुख्य वाहक उंदीर व घूस हा आहे. जेथें चंदीचीं पोतीं जमिनीवर पडलेलीं, उंदरांचीं बिळें भिंतींत आणि डोणीखालीं कायमचा चिखल, तेथें आढ्यावरच्या दोन-चार वटवाघुळांची चिंता करणें म्हणजे घरांत आग लागली असतां शेजारच्या चुलीचा धूर मोजणें होय. चिखलांत अनवाणी काम करणाऱ्या मोतद्दारासहि हा रोग होतो व तो जीवावर बेततो.

मग पाचोडकडचें घोडें मेलें कशानें? पाहिल्याशिवाय सांगणें हें ज्योतिष्याचें काम आहे, आमचें नव्हे. तरी ताप व हगवण ह्यांचीं आपल्याकडील नेहमींचीं कारणें वाचकांस ठाऊक असावींत. साल्मोनेला नांवाचे जंतु, आंतड्यांतील कृमि, एकाएकीं वाढविलेली चंदी, बुरशी आलेला कडबा, हीं प्रथम मनांत आणावीं. नाकांतून चिकट, पिंवळट स्राव, नाकपुडींत व्रण, पायांच्या आंतल्या बाजूस माळेप्रमाणें गांठी हीं लक्षणें असल्यास ग्लँडर्सचा संशय धरावा. आणि हा संशय येतांच दुसरें कांहीं करण्यापूर्वीं घोडें वेगळें बांधावें व सरकारी पशुवैद्यास कळवावें. हा रोग माणसांस होतो व मारक आहे. त्याचा जंतु १८८२ सालीं जर्मनींत सांपडला. ह्या देशांत त्याविरुद्ध १८९९ सालीं कायदा झाला, आणि आतां २००९ च्या कायद्यानें त्याची सूचना देणें बंधनकारक आहे. मधल्या काळांत तो नाहींसा झाला असें वाटत असतां २००६ सालीं महाराष्ट्रांत व त्यामागून दुसऱ्या कित्येक प्रांतांत पुन्हां उद्भवला. रोग ठरल्यास घोडें मारावें लागतें, म्हणून लोक लपवितात. सरकारी योजनेंत भरपाईची तरतूद आहे. आणि लपविलेल्या एका घोड्यापासून यात्रेच्या एका दिवसांत पन्नास घोडीं बाधूं शकतात. ह्या रोगांत वटवाघुळाचा कांहीं संबंध नाहीं. तो एका डोणींत तोंड घालणाऱ्या घोड्यांपासून घोड्यांस लागतो. यात्रेंतून आणलेलें नवें घोडें तीन आठवडे तरी निराळ्या ठाणावर, निराळ्या डोणीवर ठेवण्याचा नियम घरांत घालून द्यावा.

औषधाविषयीं थोडें. पोटोमॅक ज्वरावर व त्याच्या जातीच्या पेशींत राहणाऱ्या जंतूंवर पेनिसिलिनचा उपयोग होत नाहीं. ऑक्सिटेट्रासायक्लिन शिरेंतून दिल्यास बहुधा एक-दोन दिवसांत ताप उतरतो. परंतु हेंच औषध अंगांतील पाणी आटलेल्या घोड्यास आधीं पाणी व क्षार न देतां टोचलें तर मूत्रपिंडें बिघडतात, आणि घाईनें शिरेंत सोडलें तर घोडें जागींच कोसळूं शकतें. दुकानांतून बाटली आणून घरच्या घरीं टोचणाऱ्या हौशी वैद्यांपासून घोडेवाल्यांनीं सावध राहावें. हगवणीनंतर खूर गरम लागूं लागले, घोडें पुढचे पाय पुढें टाकून मागें रेलून उभें राहूं लागलें, तर तो खुरांचा दाह होय. त्यास चालवूं नये, मऊ वाळूवर किंवा जाड पेंढ्यावर उभें करावें, खूर थंड पाण्यांत किंवा बर्फांत ठेवावे व नालबंदाच्या आधीं पशुवैद्यास बोलवावें.

वटवाघुळांविषयीं कायदाहि बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत फळें खाणारीं वटवाघुळें उंदरांबरोबर व कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टांत घातलीं होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच काढून टाकण्यांत आलें. तेव्हां पूर्वींच्या समजुतीवर बंदूक किंवा जाळें घेऊन निघणाऱ्यानें आधीं वनखात्याकडे चौकशी करावी. मेलेलें वा जमिनीवर पडलेलें वटवाघूळ पोरांस हाताळूं देऊं नये. त्याचा चावा लागला तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें धुवून कुत्रें चावल्याप्रमाणेंच लगेच दवाखान्यांत जावें. बारवेंतील किंवा पडक्या वाड्यांतील वटवाघुळांची लीद खत म्हणून काढावयाची असल्यास तोंडानाकावर ओलें फडकें बांधावें व लीद पाणी शिंपडून भिजवावी. तिच्या धुळींत एक बुरशी वाढते व ती फुप्फुसांत गेल्यास आजार होतो. तबेल्याच्या आढ्यांत वस्ती झाली असेल आणि ती नकोशी असेल, तर पिलें उडूं लागल्यावर, संध्याकाळीं सर्व बाहेर पडलीं म्हणजे फटी जाळीनें बुजवाव्या. तोवर डोण व तोबरा वस्तीच्या बरोबर खालून बाजूस सरकविणें पुरे.

पुढें कोणाचें घोडें अशा रीतीनें आजारी पडलें तर ताप असतांनाच, औषध टोचण्यापूर्वीं, पशुवैद्याकडून रक्त न गोठणाऱ्या नळींत रक्त घेववावें. ताज्या लिदीचा नमुना स्वच्छ डबींत घ्यावा. दोन्ही बर्फांत घालून तालुक्याच्या पशुचिकित्सालयांत त्याच दिवशीं पोंचवावे. तेथून ते पुण्यास औंध येथील रोगनिदान प्रयोगशाळेकडे, परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे, किंवा आवश्यक तर हरियाणांत हिसार येथें असलेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवितां येतात. घोडें मेल्यास पुरण्यापूर्वीं शवपरीक्षा करवून घ्यावी, आणि तीहि उन्ह चढण्याच्या आंत. नमुन्याबरोबर कागदावर लिहून द्यावें: ताप किती व कोणत्या दिवशीं, हगवण केव्हां लागली, घोडें कोठून व केव्हां आणलें, पाणी कोठलें, दिवा कोठें, आसपास दुसरीं किती घोडीं आजारी आहेत. वटवाघुळें असतील तर तेंहि लिहावें, आणि तीं मोठीं फळें खाणारीं कीं लहान आढ्यांतलीं, हें पाहून लिहावें.